मुदत सरण्याआधी

मालवणच्या किनारपट्टीत, देवबागेपासून आचऱ्यापर्यंतच्या कोणत्याही वाडीत, ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला ‘झील खंय असता?’ म्हणून विचारले, तर एका पिढीपूर्वी त्याचे उत्तर ठरलेले असे : गिरगाव, लालबाग, परळ, आणि पुढे मुंबईत जागा परवडेनाशी झाली तेव्हा डोंबिवली, नालासोपारा. आज त्याच ओटीवरून ब्रॅम्प्टन, लीड्स, डॅलस, आखेन अशी नावे ऐकू येऊ लागली आहेत. कुडाळ, सावंतवाडी किंवा कणकवलीच्या महाविद्यालयातून पदवी घ्यावी, परदेशी विद्यापीठात एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा आणि तेथेच नोकरीला लागावे, हा मार्ग सिंधुदुर्गातील मध्यमवर्गीय घरांना आता अपरिचित राहिलेला नाही. आणि त्या मार्गाला लागण्यापूर्वी काय काय करावे, हे सांगणाऱ्या जाहिरातींनाही तोटा नाही. शिक्षणानंतर मिळालेला नोकरीचा परवाना संपत आला म्हणजे काय करावे, याविषयी मात्र त्या जाहिराती मौन पाळतात, आणि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तोच आहे.

मुंबईच्या चाकरमान्याच्या आणि या पदवीधराच्या स्थितीत एक मूलभूत भेद आहे, जो घरातील वडीलधाऱ्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, संप चिघळला, पुढे गिरण्याच एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कोकणातील असंख्य कुटुंबांची दैना झाली. परंतु त्या कामगारांपैकी एकालाही ‘अमुक तारखेनंतर तू या शहरात राहता कामा नये’ असे कोणी बजावले नव्हते. नोकरी गेली तरी वास्तव्याचा अधिकार शाबूत होता. भाजीची गाडी लावता येत होती, रात्रीचा पहारा करता येत होता, चार महिने गावी राहून पुन्हा मुंबईची गाडी धरता येत होती. परदेशातील पदवीधराची नोकरी, त्याचे वास्तव्य आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येण्याचा त्याचा हक्क ही तिन्ही एकाच कागदावरील एकाच तारखेला बांधलेली असतात, आणि ती तारीख त्याच्या गुणवत्तेकडे, त्याच्या मालकाच्या समाधानाकडे किंवा त्याच्या घरच्या कर्जाकडे पाहून पुढे सरकत नाही.

म्हणून या विषयात मला जे आग्रहाने सांगावेसे वाटते ते आरंभीच सांगतो. जे पर्याय उपलब्ध आहेत ते जवळजवळ सगळे त्या तारखेच्या अलीकडचे आहेत. पलीकडे जे उरतात ते थोडे, खर्चिक आणि मनुष्याला मिंधे करणारे असतात. आणि त्या अलीकडच्या अवधीचा सदुपयोग, ज्या घरात मुलाने वा मुलीने आईवडिलांना ती तारीख मोकळेपणाने सांगितलेली असते, त्याच घरात नीट होऊ शकतो. कारण परवान्याचे निर्णय हे पैशाचे, प्रवासाचे आणि कुटुंबाच्या अपेक्षांचेही निर्णय असतात.

प्रथम कॅनडाचे उदाहरण विस्ताराने घेऊ, कारण तेथील नियमांवरून इतर देशांतील व्यवस्थेचाही पुष्कळसा उलगडा होतो. कॅनडातील मान्यताप्राप्त संस्थेतून पात्र अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या लांबीनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा, कोणत्याही मालकाकडे काम करण्याची मुभा देणारा परवाना मिळतो. आणि १५ फेब्रुवारी २०२४ पासून, दोन वर्षांहून आखूड अशा पदव्युत्तर पदवीच्या अभ्यासक्रमांनाही, ते निदान आठ महिन्यांचे असल्यास, तीन वर्षांची ही मुदत लागू झाली. हा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो. २०२१ ते २०२३ या काळात कॅनडा सरकारने मुदत सरत आलेल्यांना खास मुदतवाढ दिली होती, तिच्या आठवणीवर अजूनही कित्येक मुले विसंबून असतात. परंतु ती सवलत त्या विशिष्ट काळापुरती होती, आणि पुढे २०२४ साली ब्रॅम्प्टनमध्ये व प्रिन्स एडवर्ड आयलंडवर तरुणांनी तंबू ठोकून आंदोलने केली तरी तशी सरसकट मुदतवाढ पुन्हा मिळालेली नाही. ‘आणखी एखादा कोर्स करतो, म्हणजे पुन्हा परवाना मिळेल’ हा विचारही याच कारणाने फोल ठरतो : दुसऱ्या अभ्यासक्रमाने वास्तव्य वाढेल, शुल्कही भरावे लागेल, पण त्याच्या शेवटी नोकरीचा हा परवाना दुसऱ्यांदा हाती पडणार नाही.

मग या तीन वर्षांत साधावयाचे काय? तर कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची पात्रता. २०१५ च्या जानेवारीपासून चालू असलेल्या एक्सप्रेस एंट्री नामक पद्धतीत उमेदवारांना वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांसाठी गुण देऊन त्यांची एक यादी राखली जाते आणि वेळोवेळी त्या यादीतून वरच्या गुणांच्या उमेदवारांना अर्जाचे निमंत्रण पाठवले जाते. कॅनडातील अनुभवाच्या आधारे पात्र ठरण्यासाठी निदान एक वर्षाचे कुशल काम लागते, आणि घोडे अडते ते येथेच. विद्यार्थी असताना केलेले काम त्यात मोजले जात नाही, स्वतःचा धंदा मोजला जात नाही, आणि कामाची श्रेणी सरकारच्या वर्गीकरणातील वरच्या पायऱ्यांत बसावी लागते. तेव्हा गोदामात माल चढवणे-उतरवणे किंवा उपाहारगृहाच्या गल्ल्यावर उभे राहणे या कामांत दोन वर्षे घालवलेल्या पदवीधराच्या पदरी भाड्याचे पैसे पडतात, पण पात्रतेचा एक दिवसही पडत नाही. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता यांच्या दडपणाखाली पहिली मिळेल ती नोकरी धरणाऱ्या मुलाला दोष देणे सोपे आहे. परंतु ‘आणखी सहा महिने आम्ही हप्त्याचे बघतो, तू तुझ्या विषयातले काम शोध’ असे घरातून त्याला कोणी म्हटले असते, तर त्या सहा महिन्यांनी त्याचे पुढचे सगळे आयुष्य निराळे झाले असते, हेही तितकेच खरे आहे.

गुण वाढवण्याचे मार्गही याच अवधीत शोधावे लागतात. भाषेची परीक्षा पुन्हा देऊन वरची श्रेणी मिळवणे हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. तिचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो, हे मात्र लक्षात ठेवावे. फ्रेंच भाषा चांगली अवगत असणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवड-फेऱ्या होतात, आणि त्यांत इतरांहून कमी गुणांवरही निमंत्रणे गेलेली आहेत. म्हणून पदवी घेत असतानाच फ्रेंचचा अभ्यास सुरू करणारी मुलगी, नुसत्या इंग्रजीवर विसंबलेल्या आपल्या वर्गमैत्रिणीच्या पुढे जाऊ शकते. प्रांतिक सरकारांच्या नामनिर्देशनाने एकदम ६०० गुण मिळतात. प्रत्येक प्रांताच्या अटी वेगळ्या, म्हणून टोरोंटोच्या आसपासच राहण्याचा हट्ट सोडून लहान प्रांतात नोकरी शोधणे पुष्कळांना हितकारक ठरते. निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज दाखल करण्यास ६० दिवस मिळतात. आणि तो अर्ज रीतसर दाखल होऊन त्याची पोच मिळाली की, जुना परवाना संपत आला असताना, निकाल लागेपर्यंत काम चालू ठेवण्यासाठी मधल्या काळाचा एक परवाना मागता येतो. ही साखळी एकदा समजली म्हणजे, शेवटच्या तीन महिन्यांत धावाधाव करून तिच्या सगळ्या कड्या जुळणे का अशक्य असते, तेही समजते.

एक बारीकसा तपशील येथे नोंदवतो, कारण तो बारीक असूनही महाग पडतो. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. बारावीच्या सुमारास काढलेला दहा वर्षांचा पासपोर्ट नेमका विशी ओलांडून तिशीकडे जाताना, म्हणजे याच वर्षांत, संपतो. आणि तीन वर्षांच्या परवान्याला पात्र असलेल्या पदवीधराच्या हाती पासपोर्टच्या उरलेल्या मुदतीपुरता, एक-दीड वर्षाचाच कागद येतो. उरलेला काळ बुडालेला नसतो. नवा पासपोर्ट काढून, जुना परवाना संपण्यापूर्वी अर्ज केला तर तो मिळू शकतो. पण हे ठाऊक नसल्यामुळे तो काळ हक्काचा असूनही काहींनी गमावला आहे. परदेशी जाण्यापूर्वी कपाटातला पासपोर्ट काढून त्याच्या मुदतीची तारीख पाहणे, हे काम तरी मालवणात बसून करता येण्यासारखे आहे.

मुदतीपूर्वी अर्ज करणे आणि मुदतीनंतर अर्ज करणे यांतील अंतर कायद्याच्या दृष्टीने किती मोठे आहे, ते सामान्य वाचकाला सहज पटत नाही. कॅनडात मुदतीच्या आत नव्या परवान्याचा अर्ज दाखल झाला, तर निकाल लागेपर्यंत जुन्या अटींवर राहण्याची व काम करण्याची मुभा कायद्यानेच चालू राहते. ब्रिटनमध्येही वेळेत केलेल्या अर्जाने जुना हक्क निकालापर्यंत तसाच पुढे चालतो. एक दिवस उशीर झाला की चित्र पालटते. कॅनडात ९० दिवसांच्या आत आपला दर्जा पूर्ववत करून मागण्याची एक तरतूद आहे खरी, परंतु त्या काळात काम करता येत नाही, शुल्क अधिक पडते आणि मंजुरी सर्वस्वी अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून राहते.

वेळेत केलेल्या अर्जाने मिळणाऱ्या मुभेची दुसरी बाजू आपल्या किनाऱ्यावरील घरांना विशेष जाचक होते, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. अर्ज प्रलंबित असताना मिळणारी मुभा त्या देशाच्या हद्दीतच टिकते. कॅनडातून बाहेर पाऊल टाकले की काम चालू ठेवण्याची ती सवलत संपते, आणि परत प्रवेश मिळाला तरी नवा परवाना हाती येईपर्यंत कामावर रुजू होता येत नाही. ब्रिटनमध्ये निकालापूर्वी देश सोडला तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. अमेरिकेत विद्यार्थी दर्जातून नोकरीच्या व्हिसावर येण्याचा बदल प्रलंबित असताना प्रवास केला तर तो बदलाचा अर्ज सोडून दिला असेच गृहीत धरतात. आता आपल्याकडील भाद्रपद डोळ्यांसमोर आणा. घराच्या भिंतींना नवा रंग दिलेला आहे, माटवीला बांधायला कांगले, हरणे आणि शेरवडे कोणी आणायची याची वाटणी झालेली आहे, मुंबईहून येणाऱ्यांच्या गाड्यांची आरक्षणे कधीच संपलेली आहेत, आणि फोनवर आई एकच गोष्ट परत परत विचारते आहे : ‘बाबू, चतुर्थेक येतलस मां?’ तिकडे त्या मुलाने तीन आठवड्यांपूर्वी अर्ज दाखल केलेला असतो. ‘येऊक जमाचा नाय’ एवढेच तो सांगतो, कारण सगळे सांगितले तर बाबांना झोप लागणार नाही असे त्याला वाटते. आणि घरात मात्र मुलगा बदलला, पैशाला भुलला, देवाला विसरला, असा अर्थ काढला जातो. आजारपणाच्या आणि मृत्यूच्या प्रसंगी तर हा गैरसमज जन्मभराचा होऊन बसतो. अर्ज कधी दाखल होणार आणि कोणत्या महिन्यांत देश सोडता येणार नाही, हे वर्षाच्या आरंभीच घरात सांगितलेले असावे. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर (त्याचे जनक जयंतराव साळगावकर हे मालवणचेच सुपुत्र) संकष्टी आणि एकादशी जशी पाहिली जाते, तशी परवान्याची तारीखही तांबड्या शाईने लिहून ठेवण्यास हरकत नाही. तीत लपवण्यासारखे काही नसते.

अमेरिकेची पद्धत अधिक गुंतागुंतीची, आणि तिच्यात दैवाचा भाग अधिक. पदवीनंतर बारा महिने आपल्या विषयाशी संबंधित काम करण्याची मुभा मिळते, तिला तेथील मुले ‘ओपीटी’ म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांना आणखी चोवीस महिने मिळू शकतात, मात्र त्यासाठी मालक सरकारच्या पडताळणी-योजनेत नोंदलेला असावा लागतो आणि अर्ज आधीची मुदत संपण्यापूर्वी दाखल व्हावा लागतो. तसा तो झाला, तर निकाल लांबला तरी १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. पहिल्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही, आणि वाढीव मुदत धरून ही मर्यादा १५० दिवसांची होते. पदवी हातात आली म्हणून चार महिने निवांतपणे नोकरी शोधीन, असा बेत करणाऱ्याला या हिशेबाची दाद घ्यावीच लागते.

त्यापुढचा टप्पा म्हणजे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा. मागणी तिच्या कितीतरी पट, म्हणून मार्चमध्ये मालकांनी नावे नोंदवायची आणि त्यांतून निवड व्हायची. निवड झाली, पण ओपीटीची मुदत नोकरीचा नवा दर्जा सुरू होण्यापूर्वीच सरत असली, तर मधली पोकळी भरून काढणारी तरतूद आहे. जानेवारी २०२५ पासून ती पुढच्या वर्षाच्या १ एप्रिलपर्यंत पुरते. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने, देशाबाहेरील व्यक्तीसाठी दाखल होणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा जो भार लादला गेला, त्यानंतर देशात राहूनच दर्जा बदलून घेणाऱ्या पदवीधराची वाट आणि बाहेरून येऊ पाहणाऱ्याची वाट यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले; आणि म्हणूनच अर्ज प्रलंबित असताना प्रवास टाळण्याची जी गोष्ट वर सांगितली, तिला अमेरिकेपुरते आणखी गांभीर्य आले आहे.

निवड न झालेल्यांसाठीही काही दरवाजे उघडे असतात. विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न नफाविरहित संस्था आणि संशोधन संस्था यांना वरील वार्षिक मर्यादा लागू नाही; ती वर्षात केव्हाही अर्ज करू शकतात. मोठ्या कंपनीत असलेल्या पदवीधराला तीच कंपनी आपल्या पुण्याच्या, हैदराबादच्या किंवा व्हँकूव्हरच्या शाखेत पाठवू शकते. तेथे सलग एक वर्ष काम केल्यावर, विशेष ज्ञान किंवा व्यवस्थापकीय पद या आधारावर, कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसाने परत येणे शक्य असते. ओपीटी संपल्यावर ६० दिवसांची सवड मिळते, ती आवराआवर करण्यासाठी, दुसऱ्या अभ्यासक्रमात प्रवेश घेण्यासाठी किंवा दर्जा बदलण्याचा अर्ज दाखल करण्यासाठी. त्या दिवसांत काम करता येत नाही. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तरीही जास्तीत जास्त ६० दिवसांचाच अवधी असतो. आणि कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डाबद्दल बोलायचे, तर कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याच्या नियमामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की, तिच्यावर भिस्त ठेवून तरुणपणीच्या योजना आखणे शहाणपणाचे नाही.

ब्रिटनची गोष्ट थोडक्यात सांगता येते. शिक्षणानंतर काम करण्याची २०१२ साली बंद केलेली सवलत १ जुलै २०२१ पासून नव्या रूपात सुरू झाली; ती दोन वर्षांची आहे, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. धारकांचा अपवाद वगळता, अठरा महिन्यांचीच मिळणार आहे. तिला मुदतवाढ नाही. मुदतीच्या आत सरकारमान्य प्रायोजक मालक मिळवून कुशल कामगाराच्या व्हिसावर जाणे हा राजमार्ग. त्याची सर्वसाधारण वेतनमर्यादा २२ जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली, नवोदितांना काही काळ ३३,४०० पौंड चालतात. सरकारमान्य मालकांची यादी तेथील गृहखात्याने सर्वांना पाहण्यासाठी प्रसिद्ध केलेली असते. नोकरीचा अर्ज लिहिण्याआधी त्या यादीत मालकाचे नाव आहे की नाही हे पाहिले, तर पुष्कळ निष्फळ श्रम वाचतात.

जर्मनीने याबाबतीत अधिक उदार धोरण स्वीकारले आहे. तेथील विद्यापीठाच्या पदवीधराला नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने मिळतात आणि त्या काळात उदरनिर्वाहासाठी कोणतेही काम करता येते. त्यानंतर पात्रतेला साजेशी नोकरी मिळाली की पुढचा रस्ता बराच मोकळा होतो, अट एवढीच की जर्मन भाषा मनापासून शिकलेली असावी. १ जून २०२४ पासून गुणांच्या आधारे नोकरी शोधायला येण्याचा एक नवा परवानाही त्या देशाने सुरू केला, आणि इतर देशांत शिकलेल्यांनाही तो मागता येतो. आयर्लंडमध्ये पदव्युत्तर पदवीधराला चोवीस महिन्यांपर्यंत राहता येते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून पदवीनंतरच्या परवान्यासाठी वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षांवर आणली, तेव्हा उशिरा शिकायला निघालेल्यांनी ती आधी पाहावी.

एका देशाचे दार बंद झाले म्हणून तिसऱ्या देशात जावे, ही कल्पना आपल्या लोकांना परकी वाटते. पण ती मराठी माणसाने फार पूर्वी आचरली आहे. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेच्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, आणि ब्रिटिश राजवटीमुळे मायदेशाचे दार बंद झाल्यावर १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या व गव्हाच्या वाणांवर संशोधन केले, आणि दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. त्यांच्यावर आलेला प्रसंग राजकीय होता आणि आजच्या पदवीधराच्या अडचणीशी त्याची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण विद्या एका देशात मिळवावी आणि तिचे सार्थक दुसऱ्या देशात करावे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, एवढे त्यांच्या चरित्रावरून निश्चित दिसते.

आता ज्या वाटांनी जाऊ नये, त्यांच्याविषयी. मुदत सरत आलेल्या तरुणाभोवती दलाल जमा होतात. पैसे घेऊन नोकरीचे पत्र देणारे मालक, कागदोपत्री विवाह जुळवणारे मध्यस्थ, खोट्या कारणाने आश्रय मागण्याचा सल्ला देणारे हितचिंतक, हे सगळे त्याच्या भीतीवर जगतात. कॅनडात नोकरीची पत्रे विकण्याचा व्यवहार इतका बोकाळला की २५ मार्च २०२५ पासून सरकारने नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे गुणच काढून टाकले. तेव्हा ज्यांनी त्यासाठी लक्षावधी रुपये मोजले, त्यांच्या हाती कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या व्यवहाराचा पुरावा तेवढा राहिला. मुदतीनंतर गुपचूप राहण्याचा मार्ग तर सर्वांत घातक : अमेरिकेत १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून देश सोडल्यास तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक राहून सोडल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. सल्ला घ्यायचाच तर ज्या विद्यापीठात शिक्षण झाले तेथील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात प्रथम जावे. पुष्कळ विद्यापीठे माजी विद्यार्थ्यांनाही विनामूल्य मार्गदर्शन करतात. कॅनडात सल्लागाराला अधिकृत परवाना लागतो आणि परवानाधारकांची नावे जाहीर नोंदवहीत पाहता येतात. गावातल्या ओळखीचा एजंट सज्जन असेलही, परंतु त्याचे नाव त्या वहीत नसेल तर त्याला पैसे देऊन अर्ज करवून घेऊ नये.

राहता राहिला परतण्याचा पर्याय, ज्याला आपण पर्यायच मानत नाही. त्याचे खरे कारण कर्जात आहे. बँकांच्या प्रचलित शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांच्या वरील रकमेला तारण लागते, आणि कोकणातील जमिनीच्या सातबारावर आजोबा-पणजोबांपासूनच्या वारसांची आणि सहहिस्सेदारांची इतकी नावे असतात की ती जमीन तारण म्हणून बँकेच्या उपयोगी सहसा पडत नाही. मग आईचे दागिने गहाण पडतात, किंवा मुंबईच्या काकांचा फ्लॅट तारण राहतो, आणि कर्जाचा भार एका घराचा न राहता सगळ्या भावकीचा होतो. हप्ते साधारणपणे अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू होतात. म्हणजे परवान्याची मुदत चालू असतानाच, मूल धड स्थिरावण्यापूर्वीच. रुपयांतील पगारावर डॉलरमध्ये खर्चलेले कर्ज फेडणे कठीण असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु परतीची शक्यता ध्यानात धरून घरात आधीच बोलणे झालेले असेल, तर फेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवून हप्ता लहान करण्याविषयी बँकेशी वेळेवर बोलता येते, आणि जुन्या करपद्धतीत ८०-ई कलमाखाली आठ वर्षांपर्यंत व्याजाची पूर्ण वजावटही मिळते. हप्ते थकल्यानंतर याच गोष्टी बँकेकडे मागायला गेले, तर तेच अधिकारी तितक्या मोकळेपणाने ऐकून घेत नाहीत.

परत येणाऱ्याला सिंधुदुर्गातच काम मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. ते सत्य होणार नाही. पुणे, मुंबई, बंगळूर येथील परदेशी कंपन्यांची कार्यालये, गोव्यातील औषधनिर्मितीचे कारखाने, ही त्याची प्रथम शोधण्याची ठिकाणे. समुद्रविज्ञान किंवा पर्यटन शिकलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे : १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य आणि तारकर्लीची जलक्रीडा प्रशिक्षणसंस्था ज्या किनाऱ्यावर आहेत, तेथे त्यांच्या विद्येला निदान विषय तरी दारातच आहे. सरकारी नोकरी किंवा पुढील अध्ययन करायचे असल्यास परदेशी पदवीच्या समकक्षतेचा दाखला लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे त्याविषयीचे नवे विनियम २०२५ साली आले. खाजगी कंपन्या तो दाखला सहसा मागत नाहीत.

आणि परतणे म्हणजे तिकडचे सर्व हक्क संपणे, असेही नाही. एच-वन-बीच्या वार्षिक मर्यादेत ज्याची एकदा गणना झाली आहे, त्याच्या त्या व्हिसाच्या कमाल सहा वर्षांपैकी काही काळ उरला असेल तर तो काळ वापरण्यासाठी त्याला पुन्हा निवडीच्या सोडतीत उतरावे लागत नाही. कॅनडातील अनुभवाच्या आधारे कायम वास्तव्य मागण्यासाठी मागील तीन वर्षांत एक वर्षाचे कुशल काम झालेले असणे पुरते, आणि तो अर्ज करताना त्या देशात हजर असण्याची अट नाही. परवाना संपल्यावर सन्मानाने परतलेली मुलगी आचऱ्याच्या आपल्या घरात बसून भाषेची परीक्षा पुन्हा देऊ शकते, यादीत नाव राखू शकते आणि निमंत्रण आल्यास तेथूनच अर्ज दाखल करू शकते. पण त्यासाठी विमानात पाऊल ठेवण्यापूर्वी मालकाकडून कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि वेतन नमूद केलेले सहीचे पत्र, वेतनाच्या चिठ्ठ्या, कराची कागदपत्रे, विद्यापीठाच्या गुणपत्रिका आणि तेथील पोलिसांचा दाखला ही तिने जमवलेली असली पाहिजेत, कारण कंपनी बंद पडली किंवा ओळखीचा अधिकारी बदलला म्हणजे हेच कागद मालवणहून पत्रे पाठवून मिळवताना तीन वर्षांची ती मुदत हातची निघून जाते.